एल-सिलेक्टिन: एका चिकट प्रथिनाचं कूळ

एल-सिलेक्टिन हे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. रक्तातून वाहत जाणारी पेशी त्याच्या आधाराने लसिकाग्रंथीतल्या शिरिकेच्या भिंतीला अडते आणि तिच्यावरून घरंगळत वेग कमी करते. मग इंटिग्रिन नावाची दुसरी प्रथिनं तिला घट्ट रोवतात आणि ती भिंत ओलांडून ग्रंथीत शिरते. या प्रथिनाचं जनुक १९८९ मध्ये हाती आलं, म्हणून त्याचा इतिहास बहुधा तिथूनच सांगितला जातो. ती सुरुवात मला फार उशिराची वाटते. हे प्रथिन आधी त्याच्या कामावरून ओळखलं गेलं. रेणू नंतर सापडला. ऑक्सफर्डला जेम्स गॉवन्स यांनी दाखवलं होतं, की लिम्फोसाइट रक्तातून ग्रंथीत आणि लसिकेवाटे पुन्हा रक्तात अशा फिरत राहतात. मग वाट ठरवतं कोण? १९६४ मध्ये गेस्नर आणि गिन्सबर्ग यांनी या पेशींच्या अंगावरच्या शर्करा विकरांनी छाटल्या, तर त्या यकृतात साचू लागल्या. १९७६ मध्ये स्टॅम्पर आणि वुडरफ यांनी ग्रंथीच्या गोठवलेल्या पातळ कापांवर जिवंत लिम्फोसाइट सोडल्या. त्या नेमक्या उंच अस्तराच्या शिरिकांनाच चिकटल्या. या कथेतली सर्वांत मोलाची पायरी हीच, कारण शरीरात घडणारी निवड आता काचपट्टीवर मोजता येऊ लागली. याच कसोटीवर १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या गॅलटिन, वाइसमन आणि बुचर यांनी मेल-१४ ही अँटिबॉडी पारखली. ती लावली की पेशी लसिकाग्रंथीतल्या शिरिकांना चिकटेनात, आतड्यातल्या पेयर्स पॅचेसमध्ये मात्र चिकटत राहिल्या. जनुकापर्यंतची वाट या अँटिबॉडीनेच दाखवली.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गेस्नर-गिन्सबर्ग यांनी शर्करा लिम्फोसाइटवरून काढल्या. एल-सिलेक्टिन तर लिम्फोसाइटवर असतं आणि ते धरतं ती शर्करा समोरच्या भिंतीवर. शिवाय उघड्या पडलेल्या पेशी यकृत स्वतःच टिपून घेत असेल. दोन्ही मुद्दे खरे आहेत, आणि त्या प्रयोगाने एल-सिलेक्टिन सिद्ध केलं असं म्हणताच येणार नाही. पण पेशीचा मुक्काम शर्करेवर अवलंबून असू शकतो, हा प्रश्न त्यानेच पुढे ठेवला. याच कुळातली ई आणि पी सिलेक्टिनं भिंतीवर असतात आणि पांढऱ्या पेशीवरची शर्करा धरतात, म्हणजे ती दिशाही निसर्गात आहेच. या दिशेचा पुरावा रुग्णांतून आला. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांची नोंद झाली: वारंवार गंभीर संसर्ग, आणि रक्तगट बॉम्बे, म्हणजे १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत प्रथम नोंदवलेला. एरवी बॉम्बे गटाच्या माणसांत एकदोन विकरांचीच उणीव असते आणि त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत राहते. या मुलांत मात्र फ्युकोज ही शर्करा जोडण्याची व्यवस्थाच बिघडलेली होती, त्यामुळे पांढऱ्या पेशींवरची सिलेक्टिनांनी धरायची खूणही उमटत नव्हती. पुढे याच विकाराच्या एका बालकाला तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर ती खूण पेशींवर परतली आणि संसर्ग थांबले. इस्रायलमधल्या रुग्णांना मात्र त्याच उपायाचा गुण आला नाही.