कुर्बान हुसेन यांचा ‘गझनफर’ आणि इस्लाममधलं बोलण्याचं स्वातंत्र्य

सोलापूरचे चार हुतात्मे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्यापैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन पत्रकार होते, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. ऐन तारुण्यात त्यांनी ‘गझनफर’ हे वर्तमानपत्र चालवलं. गझनफर म्हणजे सिंह. इंग्रजांवर टीका आणि हिंदू-मुस्लिम एकीचा आग्रह, अशी त्यांची भूमिका होती. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांच्यासह त्यांना येरवड्यात फाशी दिली गेली.

इस्लाममध्ये बोलायला मोकळीक आहे का? आहे, पण सत्ताधाऱ्याशी बोलणं वेगळं आणि शेजाऱ्याविषयी बोलणं वेगळं. जुलमी राज्यकर्त्यासमोर खरं बोलणं हा श्रेष्ठ जिहाद, असं हदीसमध्ये आहे. शेजाऱ्याच्या बाबतीत नियम कडक आहेत. सूरह हुजुरातची सहावी आयत ऐकीव बातमीची आधी शहानिशा करायला सांगते, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान होईल. (व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनने हे पिन करून ठेवायला हरकत नाही.) त्याच सूरहमध्ये टवाळी, टोपणनावं आणि चहाडी यांनाही मनाई आहे.

सूरह अनआम (6:108) इतरांच्या देवांना शिव्या देऊ नका, असं बजावते. कारणही व्यवहारी आहे: तेही उलटून अल्लाहला शिव्या देतील. कमेंटमधली भांडणं नेमकी अशीच पेटतात. शिवाय धर्माच्या नावाने वैर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 नुसार गुन्हा आहे.