‘आनंदी गोपाळ’ : कादंबरी आणि इतिहास

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिची संथ चाल हा गुण मानावा की दोष, याचा निर्णय कोहक्यातील या वाचकाला अद्याप करता आलेला नाही.

गोपाळराव जोशी टपाल खात्यातील नोकर. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधील श्रीरामपूर अशी त्यांची बिऱ्हाडे हलत गेली. पत्नीच्या शिक्षणाचा हट्ट तेवढा सर्वत्र कायम. बदलीच्या हुकुमावर भांडीकुंडी बांधणाऱ्या आम्हां कारकुनांना हा भाग मुळीच लांबट वाटत नाही.

परंतु इतिहास जाणणाऱ्याला चुटपुट लागते. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात या देशाला स्त्री-डॉक्टर का हव्यात, हे त्यांनी स्वतः सांगितले. प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळवली. ही संगती सर्वस्वी त्यांची. कादंबरीत मात्र गोपाळरावांचा करारी, प्रसंगी क्रूर स्वभाव इतकी जागा व्यापतो की पत्नी ही त्यांचीच घडण वाटू लागते.

अर्थात लेखकाची अडचणही खरी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणुकीवर आनंदीबाई रुजू होऊच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या वैद्यकीचे वर्णन करावे तरी कशाचे? पण कार्पेंटरबाईंना त्यांनी लिहिलेली पत्रे होती. त्या पत्रांसाठी संसारातील कलहाची काही पाने मी आनंदाने सोडली असती.