अनुकंपीतला कंप

पनवेलमध्ये नर्सिंग शिकणारी माझी भाची औषधशास्त्र घोकत होती. ‘सिम्पथेटिक’ चेतासंस्थेला मराठीत ‘अनुकंपी’ म्हणतात, असं सांगितल्यावर ती फिसकन हसली. “म्हणजे अनुकंपा तत्त्वावर भरती झालेली चेतासंस्था का, मामा?”

मी मात्र शब्दातच अडकलो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सहवेदना. एका अवयवाचं दुखणं दुसऱ्याला कळतं ते मज्जातंतूंमुळे, ही प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनची समजूत. तिच्यावरूनच १७३२ मध्ये पॅरिसच्या विन्स्लो या शरीररचनाशास्त्रज्ञानं हे नाव रूढ केलं. मग आपण सरळ ‘सहानुभूती’ का नाही घेतली? कुणी म्हणेल, प्रत्यय लावायला आटोपशीर म्हणून ‘अनुकंपा’ उचलली, दयेपलीकडे त्यात काही शोधू नये. मला हे पटत नाही. अनु अधिक कंप, म्हणजे दुसऱ्याचं पाहून आपणही कापणं. घाम, धडधड, थरथर हा तर या संस्थेचा रोजचा धंदा! शब्द घडवणाऱ्याला तो कंप दिसलाच असणार.

पुरावा विचाराल तर मी महाडकडे बोट दाखवीन. पळस्प्याला गोव्याचा रस्ता धरला की आपल्याच रायगड जिल्ह्यातलं गाव. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं यायची ती घामानं निथळत, हातपाय गारठलेली. काहींच्या फुफ्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस यायचा. हे विष अनुकंपी संस्थेला असं चेतवतं की रक्तात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दाबापुढे हृदय दमतं. बावस्करांनी यावर प्राझोसिन दिलं, रक्तदाबाची साधी गोळी! रक्तवाहिन्यांवरचे, ही द्रव्यं झेलणारे अल्फा ग्राहक (रिसेप्टर) ती अडवते, आवळलेली वाहिनी सैल पडते. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी हे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

पुढचं काम नर्सचं. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब झपकन उतरू शकतो, म्हणून पेशंटला उठू द्यायचं नाही. पोर कितीही रडलं तरी आईनं कडेवर घ्यायचं नाही. तळवे चाचपत राहायचं. ते ऊबदार, कोरडे होईपर्यंत दर ३ तासांनी पुन्हा गोळी.

भाचीनं वहीत ‘प्राझोसिन’पुढे लिहिलं, ‘निजवून द्यायचं’. खाली विंचू काढला. नांगी जरा जास्तच मोठी झाली.