निकालाची वाट न पाहता



गटाच्या बैठकीत अत्याचाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "केसचा निकाल लागू दे, मग सरकार काय ते देईल." आपल्या आयांच्या काळात निकालाआधी खरोखरच काही मिळत नव्हतं. आज तसं नाही. हे कसं बदललं ते सांगते.

इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी कायद्यात सोय एवढीच होती, की आरोपीला दंड झाला तर त्यातले काही पैसे कोर्ट पीडिताला देऊ शकेल. 1973 साली नवा कायदा आला, तरी भरपाई गुन्हा शाबीत होण्यावरच अडकलेली राहिली. आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तर बाईच्या हातात काही नाही.

आपल्या देसाईगंजचंच बघा. 1972 साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. 1979 साली चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं, ठिकठिकाणी बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. पण तो बदल पुराव्याचा आणि शिक्षेचा. औषधपाणी, बुडालेली मजुरी, तालुक्याच्या फेऱ्या, हा खर्च बाईच्याच पदरात राहिला.

खरं वळण 1994 चं. रेल्वेने दिल्लीला निघालेल्या घरकामगार बायकांवर लष्कराच्या जवानांनी अत्याचार केला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरपाईसाठी मंडळ नेमा आणि आरोपीला शिक्षा होवो न होवो, भरपाई द्या. ही गोष्ट कायद्यात यायला 2009 चा डिसेंबर उजाडला. पंधरा वर्षं! कलम 357-अ आलं, आणि पहिल्यांदाच आरोपीच्या खिशाऐवजी सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचं ठरलं. आरोपीचा पत्ता लागला नाही तरी अर्ज करता येतो. आता नवीन संहितेत ते कलम 396 आहे.

महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 2013 पासून 'मनोधैर्य' योजना लागू झाली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांसाठी. सुरुवातीला दोन ते तीन लाख, पुढे काही प्रकरणांत दहा लाखांपर्यंत. नवरा मारतो, ही तक्रार मात्र यात बसत नाही, हे लक्षात ठेवा.

पण नुसत्या पैशाने बाई उभी राहत नाही. पोलीस ठाण्यात शेजारी बसणारं माणूस लागतं. 1984 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्याच आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो याच विचाराने. तिथल्या समाजसेविकेचा पगार हीसुद्धा पीडितेला मदतच आहे, असं मला वाटतं. केंद्राने 2013 साली 1000 कोटींचा निर्भया निधी जाहीर केला आणि 2015 पासून त्यातून 'सखी' केंद्रं निघाली. डॉक्टर, वकील, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा निवारा एका छताखाली. सुरुवातीची काही वर्षं मात्र या निधीतला बराच पैसा खर्चाविना पडून होता. गावात बाई बसच्या भाड्यासाठी उसने मागत होती आणि दिल्लीत पैसा नुसता पडला होता, याचा मला आजही राग येतो.

तर अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. कचेरी जिल्हा कोर्टाच्या आवारात असते. बाईला वकीलही तिथून फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. दवाखाना सरकारी असो की खासगी, अशा प्रसंगी उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. 181 हा फोन नंबर बैठकीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घ्या. एफआयआरची प्रत बाईला ठाण्यातून मोफत मिळते, ती अर्जासोबत जोडा.