खळ्यावरची कोंबडी

मराठवाड्यातल्या कळंबच्या बाजारात कोंबडीला दोन नावं आहेत, गावरान आणि बॉयलर. 'ब्रॉयलर' हा इंग्रजी शब्द लोकांच्या जिभेवर केव्हाच 'बॉयलर' झाला आणि त्याच्याशी फरक दाखवण्यासाठी घरच्या कोंबडीला 'गावरान' म्हणणं भाग पडलं. त्याआधी ती नुसती कोंबडी होती.

मांजरेच्या काठचा हा मुलूख ज्वारीचा. निजामाच्या राज्यातही इथं कोंबडीसाठी वेगळं खाद्य कुणी विकत आणत नसे. मळणी झाली की खळ्यावर मातेरं उरायचं, ते कोंबड्यांचं. उकिरड्यातल्या अळ्या आणि गोठ्यातल्या गोचिडाही त्यांच्याच. रात्री खुराडं, पिल्लांवर घारीची नजर पडू नये म्हणून डालगं, एवढाच सरंजाम. अशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. खुडूक झाली, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसू लागली, की तिला दहा-बारा अंड्यांवर बसवायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

शेत सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असे, कोंबड्या मात्र बाईच्या. अंडी विकून मीठ-मिरची, बांगड्या, पोराची वही यायची. जिच्याकडे कोंबडी नाही तिला शेजारीण एखादी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, वाट्यानं द्यायची आणि पिल्लं निम्मी-निम्मी व्हायची. गरिबाघरच्या बाईचं हे भांडवल होतं, आणि त्याची नोंद सरकारी कागदावर क्वचितच झाली.

या भांडवलाचा खरा शत्रू मानमोडी. भारतात १९२७च्या सुमारास हा रोग राणीखेतला ओळखला गेला, म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. एकदा शिरला की आठवड्यात खुराडी रिकामी. लस आहे, पण दहा कोंबड्यांच्या घरापर्यंत ती वेळेवर पोचणं आजही अवघड.

मग कोंबडीपालनाचा उद्योग झाला. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केली. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती आली. वर्षाला तीनशे अंडी देणारी कोंबडी आणि स्वस्त अंडं यांनी असंख्य ताटांत प्रथिनं आणली, हे मान्यच करायला हवं. पुढं मराठवाड्यात सोयाबीन पसरलं, ज्वारी मागं पडली, मळणीयंत्रानं खळी मोडली. गावरान कोंबडीचं ताटच गेलं.

ते ताट काही ठिकाणी पुन्हा मांडलं गेलं. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात काम करणाऱ्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं पुढं महिलांसाठी एक एकराचं प्रारूप आणलं: घरच्यांकडून एकरभर जमीन मागून घ्यायची, त्यात धान्य, डाळी, भाजी लावायची आणि जोडीला कोंबड्या-शेळ्या पाळायच्या. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा मोकळ्या फिरून हिरवा पाला आणि किडे टिपणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक गडद असतो, हे बाया नेहमीच सांगत आल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत, पिंजऱ्यातल्यांच्या तुलनेत, ई जीवनसत्त्व दुप्पट आणि ओमेगा-३ मेदाम्लं अडीचपट आढळली.

आता परसात गिरिराज, वनराज या सुधारित जातीही दिसतात. अंडी जास्त, वजन जास्त. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून त्यांची अंडी उबवायला अनेक घरांत अजूनही एक गावरान कोंबडी राखलेली असते.