नामांतर : एका विद्यापीठाच्या ठरावाची सोळा वर्षे

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला स्थापन झाले. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलांना वरच्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवले जाई ते उर्दूतून. त्यामुळे हैदराबाद मुक्तिसंग्रामात घडलेल्या पिढीला हे विद्यापीठ म्हणजे मुक्तीचेच उरलेले काम वाटत होते. सरंजामशाही गेली, आता शिक्षण खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत पोचेल, या विश्वासावर विद्यापीठाची पुरोगामी ओळख उभी राहिली.

शिक्षण पोचवण्याचे हे काम खरे तर आठ वर्षे आधीच सुरू झाले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १९५१ मध्ये त्याची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराखाली मिलिंदचा परिसर नागसेनवन आणि विद्यापीठ शेजारी शेजारी आहेत. घरात पहिल्यांदाच पाटी हाती धरणारी दलित मुले नागसेनवनातून पदवीधर होऊन बाहेर पडली. दलित साहित्याची चळवळही इथल्या वर्गांत आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती वाढली. विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव द्यावे ही मागणी या मातीतली होती, कुणी बाहेरून लादलेली नव्हती.

१९७७ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारिणीने नामांतराचा ठराव केला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीही तो संमत केला. शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार नुकतेच सत्तेवर आले होते. ठरावाची बातमी पोचताच मराठवाडा पेटला. शहरांत विद्यार्थ्यांचे मोर्चे आणि बंद झाले, खेड्यांत दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. ज्यांच्या घरांवर जमाव चालून गेले त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती. मेलेली जनावरे ओढण्याचे काम त्यांनी सोडले होते, कुणी गायरान कसायला घेतले होते, कुणाचा मुलगा राखीव जागेवर नोकरीला लागला होता. गावाचा राग यावर होता. नामांतराने त्याला निमित्त दिले.

विरोधाची भाषा मात्र जातीची नव्हती, प्रदेशाची होती. गोविंदभाई श्रॉफ आणि दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव हे मुक्तिसंग्रामातले मान्यवर नामांतराच्या विरोधात उभे राहिले. ‘मराठवाडा’ या नावाशी लढ्याची अस्मिता जोडलेली आहे, ते पुसू नये, असे या बाजूचे म्हणणे होते. मागास राहिलेल्या प्रदेशाचा अभिमान खोटा नव्हता. पण आंबेडकरांच्या नावाची पदवी आम्हाला नको, असेही त्याच काळात महाविद्यालयांच्या आवारात उघडपणे बोलले जात होते, आणि प्रादेशिक अस्मितेच्या युक्तिवादाकडे या वाक्याला उत्तर नव्हते. समतेचे धडे देणाऱ्या प्राध्यापकांपैकी अनेकजण विरोधी बाजूला होते, बरेचसे नुसतेच गप्प राहिले. समाजवादी नेते एस. एम. जोशी आणि युवक क्रांती दल (युक्रांद) यांच्यासारखे नामांतराचे समर्थक सवर्ण समाजातही होते, पण थोडे. पुरोगामित्वाची खरी परीक्षा इथे होती आणि विद्यापीठाचे जग तिच्यात नापास झाले.

सरकारने अंमलबजावणी थांबवली. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. हजारो लोक पायी निघाले, आणि सरकारने त्यांना वाटेतच अटक केली. त्यानंतर मोर्चे, सत्याग्रह आणि तुरुंगवास चालूच राहिले. मुख्यमंत्री बदलत गेले, आश्वासने मिळत गेली, ठराव कागदावरच राहिला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना निर्णय झाला. तो नामांतराचा नव्हे, नामविस्ताराचा होता : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुने नाव कायम राहिले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि नांदेड, परभणी व लातूर जिल्ह्यांतली महाविद्यालये औरंगाबादपासून वेगळी झाली.