खार, खाजण आणि घरचे भात

उत्तर कोकणच्या शेतीचा इतिहास पाहता ‘खाजण’ व ‘खार’ यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. भरतीचे पाणी मोकळे फिरते ते खाजण. बांध घालून, उघाडी बसवून, पावसाने क्षार धुऊन भातास योग्य केलेली जमीन ती खार. पालघरनजीकचे खारेकुरण हे ग्रामनाम अशाच क्षारभूमीची साक्ष देते. खार टिकते ती बांधाच्या नित्य डागडुजीने. १९४८ च्या खारजमीन कायद्याने व १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाने हा भार उत्तरोत्तर शासनाकडे गेला; १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरला कारखाने आले, मजुरीची दुसरी वाट निघाली. आज समुद्रपातळी चढत असता बांधास खांड पडली, तर क्षार निघेपर्यंत कुटुंबास तांदूळ विकत घ्यावा लागतो. आणि खांड बुजलीच नाही, तर खारीचे पुन्हा खाजण होते.